रॉममध्ये लिहिलेला झाडू

"पाय धुऊन ये. धुळीनं व्हायरस येते."

बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मला हे म्हणाले तेव्हा मी झाडू घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभी होते. बाकीचे चपला काढून सरळ आत गेले. त्यांचे घामट, भेगाळलेले पाय चालत होते. व्हायरस फक्त माझ्या पायांतून येत होता. मी अंगणातल्या नळावर पाय धुतले, पुसले आणि मग खोली झाडली. रोजचंच होतं ते.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. शंकर नगरात भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस उघडलं. मी तिथली सफाईवाली. आम्ही बौद्ध. बाप विदर्भातून रेल्वेत खलाशी म्हणून आलेला. माझं शिक्षण चौथी. बडे बाबू तात्यापाऱ्यातले, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले, आमच्याच भाषेचे. साहेबाशी हिंदी बोलायचे, माझ्याशी मराठी. तीही 'तू'ची. माझ्या धाकट्या भावाहून लहान माणूस.

हुकूम आला, ऑफिसातल्या सगळ्यांनी कॉम्प्युटर शिकायचा. मी साहेबाला विचारलं, मीही का? साहेब भोपाळहून आलेला, इथलं कोण कुठलं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "हाँ अम्मा, बैठो." मला कॉम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीवर बसायचं होतं. तिच्याखालचं झाडणं पुष्कळ झालं होतं.

शिकवायला भिलाईची एक पोट्टी आली. सांगायची चांगलं. रॅम म्हणजे पाटी. काम चालू तोवर लिहिलेलं दिसतं, लाईट गेली की साफ. हार्ड डिस्क म्हणजे पेटी. सेव करून आत ठेवलं तर लाईट जाऊनही राहतं. फ्लॉपी म्हणजे खिशात न्यायची डबी. आणि रॉम म्हणजे कंपनीनं मशीन बनवतानाच लिहून दिलेलं. ते आपल्याला पुसता येत नाही.

बडे बाबू मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "समजलं का? तुमच्या लोकायचं रॉम असते. वरूनच झाडू लिहून आला. आता कितीबी क्लास कर."

सगळे हसले. पोट्टीही हसली, मग खाली बघू लागली. खुर्चीवर बसायची माझी पाळी येईस्तोवर वेळ संपली होती.

एक दिवस बडे बाबू सकाळपासून मंत्रालयाचं पत्र टाईप करत बसले होते. दोन बोटांनी, तोंडात गुटखा. पोट्टी म्हणाली, "सर, सेव कर लीजिए." ते म्हणाले, "दिख तो रहा है सामने, जाएगा कहाँ?"

दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा पडदा आला, पत्र नाही आलं.

साहेब ओरडत आला. बडे बाबूंनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "सर, सुबह इसने मशीन पे गीला कपड़ा मार दिया." मग माझ्याजवळ येऊन हळू मराठीत, "म्हणून टाक ना, हात लागला, माफ करा. तुले काय फरक पडते?"

लहानपणी शाळेत कुणाची पाटी फुटली, माझा हात लागला. मोठेपणी घरकाम करताना कुणाचा कप फुटला, माझा हात लागला. दर वेळी मी माफी मागितली आणि दर वेळी वाटलं, खरंच, काय फरक पडतो. त्या दिवशी कळलं, फरक त्यांना पडतो. म्हणून तर विचारायला येतात. आणि एकदा मी 'हात लागला' म्हटलं की ती खोली मला कायमची बंद.

पोट्टी तिथेच उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. शिकलेल्या माणसांना अशा वेळी पर्समध्ये बरंच काही शोधायचं असतं.

मी म्हटलं, "साहब, मेरा हाथ नहीं लगा. लाईट पूरे मोहल्ले की गई है. माफी मैं नहीं माँगूँगी."

साहेबानं घड्याळ बघितलं. "दोबारा टाइप करो," म्हणाला आणि गेला. एवढाच न्याय. दुसऱ्या दिवसापासून बडे बाबूंनी मला संडास झाडायला लावलं.

पुढच्या क्लासला मी दारात चपला काढल्या, नळाकडे न जाता आत गेले आणि खुर्चीवर बसले.

"पाय?" बडे बाबू म्हणाले.

"तुमच्यासारखेच हायेत," मी म्हटलं.

कुणी उठवायला आलं नाही. मी एका बोटानं माझं नाव टाईप केलं आणि सेव केलं. मशीन बंद करून पुन्हा लावलं. नाव होतं.

आता बडे बाबू रिटायर आहेत. लग्नाकार्यात भेटले की हात जोडतात. "बाई, जुनं काही मनात ठेवू नका." यांची पाटी नेहमी साफ. साफ करायला दुसऱ्याचा हात असतो ना.

मी त्यांना सांगते, ठेवलंय. आणि नातीला सांगते, न केलेल्या चुकीची माफी मागायची नाही. पाय ते धुतील त्या दिवशी आपण धुवायचे. त्याआधी नाही.