ब्रेकमावशीला छान म्हणू नका

आमच्या ब्रेकमावशीनं अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला तिच्या शिकाऊंपासून जीव वाचवून रस्ता ओलांडायला शिकवलं. ती माझ्या आईची धाकटी बहीण. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्यावरून तिला हे नाव पडलं. पण लोक घाबरायचे ते तिच्या तोंडाला. "क्लच सोडतोयस की जीव?" "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" "वळताना इंडिकेटर दाखव, दात नको!" बँकेच्या मॅनेजरपासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांनी हे मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि सगळे पास झाले.

तिचा एक शिरस्ता मात्र तिनं फक्त मला सांगितला होता. ज्याला गाडी येणार, त्याला ती फाडून खायची. ज्याला या जन्मात येणार नाही अशी तिची खात्री पटायची, त्याला गोड आवाजात म्हणायची, "छान." बिचाऱ्याला उगाच कशाला बोलायचं, असं तिचं म्हणणं. मावशीकडून छान ऐकलेली माणसं अजून बसनं फिरतात.

एका सकाळी शिकवता शिकवताच तिची डावी बाजू गेली. शिकणारा होता कोपऱ्यावरचा दंतवैद्य. मावशीनं उजव्या पायानं ब्रेक दाबून गाडी थांबवली, इंडिकेटर न दिल्याबद्दल त्याला झापायला सुरुवात केली आणि वाक्य अर्धवट राहिलं. गाडी घराजवळच होती, तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, धावत आले. आपल्या इंडिकेटरमुळेच बाईंना झटका आला, असं त्या भल्या माणसाला अजूनही वाटतं.

ती हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा जीभ जरा जड होती, डावा हात लुळा आणि डावा पाय फरफटत होता. डॉक्टर म्हणाले, हाताचं सांगता येत नाही, पण आत्ता नेटानं व्यायाम केला तर पाय परत येईल. टाळाटाळ केली तर तोही जाईल.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. स्वभावानं लोणी. बोट हललं की "वा मावशी, छान!" आणि नाही हललं की "प्रयत्न छान!"

भेटायला येणाऱ्यांची तर रीघ लागली. हल्ली आजारी माणसाला नुसतं आजारी राहायची सोय उरलेली नाही. त्यानं आजारातून काहीतरी शिकलंच पाहिजे, तेही पाहुण्यांचा चहा संपायच्या आत. मावशीचा एक जुना शिष्य आता व्यासपीठांवरून लोकांना जगायला शिकवतो, त्याला आम्ही प्रेरणावाला म्हणतो. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आजार ही संधी आहे! मावशी, तुमच्या चेहऱ्यावर काय शांती आलीय! आपण तुमचं व्याख्यान ठेवू. विषय, 'पक्षाघातानं मला घडवलं.'"

शांती खरंच आली होती. समोर येईल ते आळणी सूप ती निमूटपणे पीत होती, कुणाला टाकून बोलत नव्हती आणि व्यायामाला पाय उचलत नव्हती. आजारानं बाई निवळली, असं सगळे म्हणू लागले. मीही म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटत होतं.

मग एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. "दार लोटून घे. खरं सांग, माझं आता काही खरं नाही ना?"

"काहीतरीच काय! डॉक्टर म्हणाले, तू चालशील."

"मग सगळे मला छान छान का म्हणतायत? ती पोरगी म्हणते, डॉक्टर म्हणतात, येणारा-जाणारा म्हणतो. मी काय कमी जणांना म्हटलंय? मला कळत नाही होय? ती गाडी विकून टाका. आणि तुझ्या काकांना स्वयंपाक शिकव, नाहीतर उपाशी मरतील."

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. लोकांच्या चांगुलपणानं ही बाई मरायला निघाली होती.

मी बाहेर येऊन काकांना आणि फिजिओला सगळं सांगितलं. "तिला कुणीतरी झापा."

"आम्हाला तसं बोलायची परवानगी नसते हो," फिजिओ रडवेली झाली.

मग मीच आत गेले. "ए, पाय उचल!" म्हणताना माझाच आवाज चिरकला. मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान."

मी परत आले तर काका तिथेच उभे. काका म्हणजे दारसुद्धा आवाज न करता लावणारा माणूस. लग्नाआधी ते मावशीकडे गाडी शिकायला जायचे, तिथेच त्यांचं जमलं. "छानचा अर्थ काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितला. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनाही छान मिळालं होतं. मला गाडी छान येते, फक्त बायको चालवू देत नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते.

ते आत घुसले. "तीस वर्षं! तीस वर्षं मी जगाला सांगत फिरलो!"

मावशीनं डोळे उघडले.

"दगड होतो ना मी? मग दगड म्हणायचंस! तुला झटका आला तेव्हा गाडी हाताशी होती. आणि मी आणि तो दंतवैद्य, दोघं ठोंबे, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसलो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला शिकवलं असतंस तर नेलं असतं ना तुला!" त्यांचा आवाज फाटला. "आणि आता गाडी विकतेस? उचल तो पाय! पाय आहे का पोतं? मला एकट्याला टाकून जायचं नाही, सांगून ठेवतो. मला भीती वाटते."

"काका, हळू!" फिजिओ पुढे झाली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"ओरडताय कुणावर?" मावशी म्हणाली, आणि टाच गादीवरून जराशी सुटली.

"हे काय उचलणं झालं?" काका गरजले. "अजून वर!"

त्यानंतर त्या घरात रोज सकाळी असा आरडाओरडा व्हायचा की शेजाऱ्यांनी काळजीनं चौकशी केली. फिजिओही लाजत लाजत "मावशी, हे काय असं?" म्हणायला शिकली. पाय बऱ्यापैकी परत आला. हात आला नाही. त्याचं मावशीला फार वाईट वाटतं आणि ती ते बोलूनही दाखवते. प्रेरणावाला व्याख्यानाची तारीख घ्यायला आला, तेव्हा तिनं त्याला आधी फाटकासमोर तिरकी लावलेली गाडी नीट लावून यायला सांगितलं. तो परत आला नाही.

परवा काकांचा नव्यानं पहिला धडा झाला. काका स्टिअरिंगवर, मी मागे. मावशी शेजारच्या सीटवर बसली, पण डावा पाय बाहेरच राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "अहो, एवढा पाय आत ठेवा." असं काही तिनं कुणाकडे मागितल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. काका वळसा घालून आले, वाकले आणि त्यांनी तो पाय आत ठेवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं.

गाडी आचके देत निघाली. दोन गल्ल्या मावशीनं काकांचा उद्धार केला. तिसऱ्या वळणावर काकांनी हळूच विचारलं, "तेव्हा मी खरंच इतका वाईट चालवायचो?"

"भयंकर."

"मग मलाही बोलायचंस. शिकलो असतो."

मावशी काचेतून समोर बघत राहिली. "शिकला असतात तर माझ्याकडे यायचे थांबला असतात," ती म्हणाली. "गिअर बदला."

काकांनी गिअर बदलला. चुकीचा बदलला.