तळ्याच्या बांधावर थांबणारी गाडी

देव आहे की नाही या वादात मी कधी पडलो नाही, कारण मला त्याची गरजच वाटली नव्हती. सगळी नोकरी कारखान्यात, यंत्रांच्या सहवासात गेली. यंत्राला नवस लागत नाही, ग्रीस लागतं, असं म्हणून मी माझ्या पत्नीला, कुमुदला, येताजाता डिवचायचो. ती हसून सोडून द्यायची. मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि पुढे रोज सकाळी रेडिएशनसाठी शहरातल्या इस्पितळात जायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्ये खंड पडता कामा नये. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पाना घेऊन दुरुस्त करावं असं त्यात काहीच नव्हतं.

आम्ही कन्नड मुलखात, व्हाइटफील्डच्याही पलीकडे राहायचो. नव्वदीच्या त्या वर्षांत तिकडे शेतं, निलगिरीची झाडं आणि तळी होती. बसचा नेम नसायचा आणि रिक्षाच्या गचक्यांनी कुमुदचे टाके दुखायचे. राहता राहिली आमची जुनी गाडी. मागच्या सीटवर उशा रचल्या की कुमुदला आडवं होता यायचं. नेमकी तीच त्या दसऱ्यानंतर कुरकुरायला लागली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

सकाळी चालू केली की ती उभ्या जागी हीव भरल्यासारखी थरथरायची. चार सिलेंडरांपैकी एखादा मध्येच ठोका चुकवायचा. गॅरेजवाले त्याला 'मिसिंग' म्हणतात. दुपारी परतताना मात्र गाडी सुतासारखी सरळ! मी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, वायरी तपासल्या. चारही प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा जो डिस्ट्रिब्युटर असतो, त्याची टोपी तेवढी उघडली नाही. खंडेनवमीला मी स्वतःच ती आतून लखलखीत पुसली होती. स्वतःच्या कामावर शंका घ्यायची मला सवय नव्हती.

तऱ्हा अशी की गाडी बंद पडायची ती एकाच ठिकाणी. वाटेतल्या तळ्याच्या बांधावर मारम्मा देवीचं खोलीएवढं देऊळ होतं. तिथे रस्ता उखडलेला, म्हणून वेग कमी करावा लागायचा, आणि देवळासमोर आलं की इंजिन आचके देऊन थांबायचं. मी चोक ओढून, शिव्या पुटपुटत ते पुन्हा जागं करायचो. तेवढ्यात कुमुद काचेतून हात जोडून घ्यायची. "अहो, तिला भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं दिसतंय गाडीच्या मनात," असं म्हणायची. मला त्या बोलण्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग नव्हता, भीती होती.

एके सकाळी धुकं इतकं दाट होतं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. बांधावर आलो आणि गाडी नेहमीसारखीच थांबली. त्या दिवशी मात्र चोकलाही दाद देईना. तळ्यावरची पाखरं गप्प होती. मागून कुमुदचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि तोही मध्येच अडखळत होता, इंजिनासारखाच. कसंबसं इंजिन चालू करून मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं आणि हाताला कापड गुंडाळून प्लगांच्या वायरी एकेक करून काढून बघायला लागलो. वायर काढल्यावर इंजिन आणखी गचकलं तर तो सिलेंडर जिवंत. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. पहिली काढली, इंजिन गचकलं. दुसरी काढली, काही नाही. तिसरी काढली, काही नाही. आणि मग ते विझलंच.

"गाडी निंतु होयता, अण्णा?" गाडी थांबली का, असं कुणीतरी विचारलं. पिवळं लुगडं नेसलेली, ओल्या केसांची एक बाई कुमुदच्या खिडकीशी उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. खिडकीतून हात आत घालून तिनं कुमुदच्या कपाळावर ठेवला होता. तिनं डिस्ट्रिब्युटरकडे नुसती नजर टाकली आणि मी मुकाट्यानं त्याची टोपी काढली.

आत लाल ओघळ होता. कुंकू! दमट हवेत भिजून ते एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पसरलं होतं, आणि प्लगांचा करंट त्याच वाटेनं भलतीकडे पळत होता. मला खंडेनवमी आठवली. टोपी उघडी ठेवून मी हात धुवायला गेलो होतो आणि कुमुद पूजेचं तबक घेऊन गाडीपाशी खुर्चीत बसली होती.

माझ्या हातातलं कापड धुक्यानं ओलंचिंब झालं होतं. "तगोळ्ळी," घ्या, म्हणत त्या बाईनं पदर पुढे केला. परक्या बाईचा पदर, मी संकोचलो. "सरी, स्वल्प बेगा," ती म्हणाली. बरं, जरा लवकर. तो पदर कोरडा होता, उन्हात वाळत घातल्यासारखा उबदार. मी टोपी पुसली, बसवली, वायरी जोडल्या. किल्ली फिरवताच इंजिन असं लागलं की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. आभार मानायला वळलो तर खिडकीशी धुकं होतं.

"कुंकू तू लावलंस आत?" मी विचारलं.

"जीव आत असतो ना हो, बाहेरून लावून काय उपयोग?" कुमुद शांतपणे म्हणाली. "त्या बाई म्हणाल्या, भिऊ नकोस, मी येते सोबत. अगदी माझ्या आईसारखं मराठी बोलल्या."

मी तर कन्नड ऐकलं होतं. पुढे सगळ्या वाटेत गाडीत ओल्या हळदीचा आणि कडुलिंबाचा वास भरून राहिला होता. काचेवरचा आरसा मागच्या सीटकडे वळलेला होता. इस्पितळ येईपर्यंत मी त्यात एकदाही पाहिलं नाही.

दुपारी परतताना गाडी नीट चालत होती. तरी बांधावर मी आपण होऊन थांबलो आणि प्रथमच देवळाच्या पायऱ्या चढलो. पुजारी मूर्तीचं पिवळं लुगडं बदलत होता, आणि कुरकुरत होता की दाराला कुलूप असताना कोण येऊन हात पुसून गेलं. पदराला काळा डाग होता, त्यात लाल मिसळलेलं. असेल कुणी गावातली बाई, असेल तिच्याकडे किल्ली. मी वाद घालत नाही. माझ्या नखांतला काळा मळ मी मुठीत लपवला आणि डोकं टेकलं. काही मागावं म्हणून शब्द शोधले, ते सापडले नाहीत. पहिल्यांदाच वाटलं, ही गाडी चालवणं एवढंच माझं काम आहे, पोचवणारी दुसरी आहे. मग रडू आलं ते आवरलं नाही.

रेडिएशनमध्ये खंड पडला नाही. कुमुद त्यातून उठली. आता ती पुढे, माझ्या शेजारी बसते आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवते. बाजारातून येताना पिशव्या कितीही असोत, ती त्या मांडीवर घेते, पायाशी कोंबते. मागची सीट आम्ही रिकामी ठेवतो.