बावखल बुजवायला मीच सांगितलं

वसईच्या बागायती वाड्यांमध्ये पावसाचं गोडं पाणी साठवणारी तळी असतात. त्यांना आम्ही बावखलं म्हणतो. केळी, भाजी आणि आसपासच्या विहिरी त्यांच्याच जिवावर जगतात. माझं बालपण ही बावखलं बुजवू नयेत म्हणून काढलेल्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. रविवारी मिस्सा सुटली की माझे वडील चर्चच्या दारात उभे राहून ती वाटायचे. मोठी झाल्यावर पत्रकं मीच लिहू लागले. लग्नाला होकार देण्याआधी मुलाला पहिला प्रश्न विचारला होता, तुमच्या वाडीतलं बावखल शाबूत आहे ना?

शाबूत होतं. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच पाण्याची मला भीती वाटायला लागली.

नवऱ्याने आधी दाढी करणं सोडलं, मग फोन उचलणं, मग ऑफिसला जाणं. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. ते आठवडे कसे काढायचे हे मात्र कुणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कोणी विचारलं तर पोटाचं दुखणं सांग." मला संताप आला. घरात डेंग्यू झाला तर गल्लीभर सांगतात, पपईच्या पानांचा रस घेऊन शेजारी धावतात. आणि माणूस आतून विझायला लागला की पोटाचं दुखणं!

पण भीती संतापापेक्षा मोठी होती. रोज दुपारी तो बावखलाच्या काठावर जाऊन बसायचा. मी आत मुलांच्या शिकवण्या घेत असायचे आणि कान बाहेर लावलेले. एकदा पाण्यात धप्पकन आवाज झाला. मी फळ्यावरचं गणित अर्धवट टाकून अनवाणी धावले. नारळ पडला होता. नवरा त्या दिवशी काठावर नव्हताच, आत खाटेवर पडला होता. मी धापा टाकत दारात उभी राहिले, तर त्याने मान वळवून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी मी चुलत दिरांकडे गेले. बावखल दोन्ही घरांच्या सामाईक मालकीचं. ते बुजवून जागा मोकळी करावी म्हणून दीर किती दिवस मागे लागले होते आणि मीच आडवी येत होते.

"वहिनी, परत बोला. नीट ऐकू नाही आलं."

"बुजवा म्हटलं."

"आणि ते पत्रक? 'बावखल बुजवणारा गावाचा वैरी'? माझ्याच गेटला चिकटवलेलंत."

"डंपर कधी येईल तेवढं सांगा."

"उद्या सकाळी. तुमचा विचार बदलायच्या आत."

घरी सासऱ्यांना कळलं. ते वाडीतून पंप बंद करून आले होते, पायांना चिखल तसाच. चिडतील असं वाटलं होतं, पण ते हळू आवाजात म्हणाले, "आज बावखल. उद्या विहीर. मग राजोडीचा दर्या बुजवायला कुठून माती आणशील, पोरी?"

तरी मी डंपरला नको म्हटलं नाही.

सकाळी डंपर आला. केळीच्या वळणावर अडकला. चुलत दीर "मागे, मागे, येऊ दे" म्हणून ओरडत होते. त्या गोंगाटाने नवरा बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"बायकोला विचार. तिनेच मागवलाय," दीर म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या वडिलांची एक पद्धत होती. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच देता येईल. आडवळणाच्या प्रश्नाला माणूस आडवळणाने निसटतो, असं ते म्हणत. नगराध्यक्षालाही मी तसे प्रश्न बेधडक विचारले होते. त्या सकाळी तसाच एक नवऱ्याला विचारला.

"तुला मरावंसं वाटतं का? हो की नाही?"

सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. "असलं काय तोंडातून काढतेस!"

तो काठावर नेहमीच्या जागी जाऊन बसला. मग म्हणाला, "हो. रोज नाही. पण वाटतं."

"इथे? म्हणून बसतोस?"

"इथे उलट कमी वाटतं. घरात सगळे माझ्याकडे बघत असतात. पाणी बघत नाही."

"मग कुठे वाटतं?"

"डोक्यात," तो म्हणाला. "तिथे टाकता येईल का भराव?"

दिरांनी मान खाली घातली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बाहेर घे रे."

लोक म्हणतात, बोललं की मन हलकं होतं. त्याचं झालं असेल. मी तर अजून घाबरले. इतके दिवस माझ्या भीतीला एक जागा होती, काठ होता. आता ती कुठेही असू शकत होती. त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला दिलेलं उत्तर त्याने तिथे स्वतः सांगितलं. थेट विचारलं ते बरं केलं, डॉक्टर म्हणाले. औषध बदललं, भेटी लवकर ठेवल्या, विचार जोर करू लागला तर एकट्याने राहायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. औषधं आता सासऱ्यांच्या कपाटात असतात. सासूबाईंनी परवा कुंपणापलीकडच्या बाईंना सांगितलं, "मनाचा आजार आहे. औषध चालू आहे." सांगताना आवाज चिरकला, पण सांगितलं.

तो प्रश्न मी आता रोज विचारते. बहुतेक दिवस "नाही" येतं. कधी "थोडं" येतं. काल मात्र मी विचारलंच नाही. तो बरा दिसत होता, जेवला होता. तेवढं मला हातचं घालवायचं नव्हतं.

आज सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काल विचारलं नाहीस."

"विसरले."

"खोटं."

"बरं. वाटतंय का?"

"थोडं."

मी कुकरखालचा गॅस बंद केला, शिकवणीच्या मुलांना आज येऊ नका असा निरोप धाडला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत होती. त्याने स्टूल ओढून माझ्याजवळ आणलं आणि बसला.