शेपटी आपल्याकडे

बागेत गवत कापायचं मशीन सुरू झालं की अजून माझे खांदे आखडतात. तसाच आवाज होता तो. बोटीवरून सुट्टीला आलेला दादा सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळपठारावर, रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकत होता. "शेपटी आपल्याकडे ठेवायची. तोंड फिरलं की डावं-उजवं उलटं होतं," असं तो मला सांगत होता, तेवढ्यात खाऱ्या वाऱ्याने हेलिकॉप्टरचं तोंड आमच्याकडे फिरलं. दादाने ते डावीकडे न्यायला बघितलं, तर ते उजवीकडे, कातळावर वाळत घातलेली आमसुलं परतत बसलेल्या आईकडे गेलं. पात्याने तिचा पदर कातरला आणि ते आपटून गप्प झालं.

आईने पदराची कड चाचपली. "बोटीवर पण असंच अचानक होतं काय रे?"

दादा हेलिकॉप्टर न उचलता कातरलेल्या पदराकडेच बघत राहिला. तेव्हा मला वाटलं, घाबरलाय. आता वाटतं, त्याला बोटीवरचं, असंच अचानक गेलेलं कुणीतरी आठवलं होतं.