पेवातला कावळा

“पोरगी मुकी हाय का वो?” वालूरहून पाहुण्या आलेल्या, आईच्या आत्याबाईंनी ओसरीवर बसल्या बसल्या हळूच विचारलं. हळूच म्हणजे, दाराआड उभी असलेली मी आणि गोठ्यातली म्हैस, दोघींना एकदमच ऐकू जाईल इतकं.

मी मुकी नव्हते. बारा वर्षांची होते आणि सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला घरी, पिंगळीला आले होते. बाबांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाचं राज्य गेलं तसं त्यांनी ठरवलं, आपली उर्दू तर वाया गेली, पोरीला आता इंग्रजीच! मी मात्र त्या शाळेत एवढंच शिकले, की गप्प बसलं तर कुणी चुका काढत नाही. (ही विद्या मराठीतही चालते.)

“मुकी कशाची? फाडफाड इंग्रजी बोलती!” बाबा गरजले. “थांबा, कविताच म्हनायला लावतो. बेबी! ए बेबी!”

बेबी मागच्या दारानं पसार झाली होती.

परसात कडुलिंबाखाली आमचं पेव होतं. ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. दीड पुरुष खोल, तोंड मात्र एका माणसापुरतं. नवी ज्वारी भरायची म्हणून आतून लिंपून तयार ठेवलं होतं. सकाळीच काकांनी आत कंदील सोडून पाहिला होता. विझला नाही, म्हणजे हवा चांगली. शिडीही लावलेलीच होती. आणखी काय हवं? मी उतरले.

दर उन्हाळ्यात रिकाम्या पेवात उतरणं हे माझं एकमेव धाडस होतं. तिथं माती गार लागायची, आणि कुणी काही विचारायचं नाही.

थोड्या वेळानं सखाराम गडी आला, त्यानं शिडी ओढून घेतली आणि “कोंबड्या पडतेल” असं स्वतःलाच सांगत वर लाकडी झाकण टाकलं. ओरडायला हवं होतं. पण ओरडले तर सखाराम येणार, मग बाबा येणार, मग कविता येणार! मी अंधार पत्करला.

पण अंधार पुरता नव्हताच. झाकणाच्या फळीतली एक गाठ निखळली होती. त्या भोकातून उजेड खाली येत होता आणि मातीवर काहीतरी हलत होतं. मी शाळेचा पांढरा रुमाल तिथं पसरला, तर रुमालावर आमचा कडुलिंब! हिरवा, डुलणारा, पानन् पान! रुमाल उचलून वर धरला की झाड लहान व्हायचं, खाली ठेवला की मोठं. वर कुठंसा कावळा ओरडला आणि इथं माझ्यासमोर त्यानं चोच उघडली. फांदीवरून चालत तो माझ्या बोटावर आला. पायांचा स्पर्श नाही, वजन नाही, पण कावळा पक्का आमचाच! (आता मी थोडीफार चित्रं काढते. लोक गुरूंचं नाव विचारतात. फळीतलं भोक, असं कसं सांगू?)

किती वेळ गेला कोण जाणे. वर पोती आपटल्याचा आवाज आला.

पणजोबांच्या काळात एक मांजर ज्वारीखाली गाडलं गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरची रीत अशी, की पेव भरण्याआधी तीनदा आत विचारायचं. आजवर उत्तर कधी आलंच नव्हतं, त्यामुळे काका हल्ली वाकूनही बघत नसत. हात जोडून, डोळे मिटून विचारत.

झाकण सरकलं. लख्ख ऊन आत आलं, आणि झाड, फांदी, कावळा, सगळं एका क्षणात पुसलं गेलं. हातात नुसता रुमाल!

“कोन हाय का आत?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वरून आत्याबाई म्हणाल्या, “ही कसली वो रीत? आन् पोरगी कुठं गेली तुमची?” तोंड आपोआप मिटलं.

“कोन हाय का आत?”

‘मी आहे’ म्हणावं, की नुसतंच ‘हो’? शिवाय वडील माणसाला खड्ड्यातून उत्तर देणं बरं दिसेल का?

“कोन हाय का आत? न्हाई कोन. सख्या, वत!”

पोत्याचं तोंड सुटलं. तडतड ज्वारी डोक्यावर, मानेवर, फ्रॉकच्या आत! वर सगळं घर गोळा झालेलं, खाली मी घोट्यापर्यंत दाण्यात. आता तरी बोलणं भागच होतं. ‘थांबा’ म्हणता आलं असतं. ‘वाचवा’ म्हणता आलं असतं. इंग्रजीत ‘हेल्प’ ओरडले असते तर बाबांनी ते आत्याबाईंसमोर वर्षभर मिरवलं असतं. जन्मभराचा साठवलेला आवाज एकदम फुटला आणि मी किंचाळले,

“काका, झाकण लावा की! माझा कावळा गेला!”