दोन जेवणं

संध्याकाळी माझ्या पायांना स्वस्थता नसते. माजिवड्याच्या ऑफिसातून सुटून कोपर स्टेशनबाहेर पडलो की ते घराकडे वळतच नाहीत, आधी चायनीजच्या गाडीकडे जातात. कधी फ्राइड राइस, कधी फ्रँकी, नाहीच काही तर शेजारच्या गाडीवरचे दोन वडापाव. लहानपणी बाबा महिन्यातून एकदा वडे आणायचे, तेव्हा आम्ही भावंडं तेलकट कागदसुद्धा हुंगायचो. आता रविवार सोडला तर एक दिवस चुकत नाही. रविवार सुटतो, कारण त्या दिवशी मी घराबाहेरच पडत नाही.

भूक असते असंही नाही. दिवसभर कोणाकोणाचं ऐकून घेतल्यावर काहीतरी तिखट, गरम, उभ्याउभ्या पोटात ढकलायला हवं असतं. खाऊन झालं की स्वतःवरच चिडतो. तोंड पुसतो, बडीशेप चघळतो आणि घरी जाऊन परत जेवायला बसतो.

कारण आई थांबलेली असते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी आल्याशिवाय ती घास घेत नाही. "भूक नाही" म्हटलं तर लगेच कपाळाला हात लावून बघते. म्हणून मी जेवतो, तेही पोटभर.

गेल्या महिन्यात रिपोर्ट आले. साखर वाढलेली, लिव्हरवर चरबी. डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्यातून किती वेळा बाहेरचं खाता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे हो! माझ्या हातचं सोडून काही खात नाही तो."

एवढ्या अभिमानाने म्हणाली की मी खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ताटात एकच भाकरी, भात बंद, आमटीला फोडणी नावापुरती. आठवडाभर मी गाडीवर खात राहिलो आणि ती तेल कमी करत राहिली. मग एकदा भाकरी थापता थापता थांबली. "माझंच चुकलं रे. आग्रह करकरून मीच तुला वाढत गेले," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मला बसवेना. उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. आणि सांगून टाकलं. गाडी, वडापाव, बडीशेप, सगळं.

तिने गॅस बंद केला. "म्हणजे मी इथे उपाशी थांबायचे आणि तू खाऊन यायचास?"

"हो."

"रोज?"

"रविवार सोडून," मी म्हणालो. लाज वाटली, फार वाटली.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याने लांबूनच हात केला. "काय सर, आज नाय काय?" मी थांबलो नाही. जवळजवळ पळतच घरी आलो. पोटात कावळे ओरडत होते. कितीतरी वर्षांनी मी खराखुरा भुकेला होतो.

"आई, वाढ गं," मी दारातूनच म्हणालो.

"ओट्यावर झाकून ठेवलंय," ती आतल्या खोलीतून म्हणाली.

सिंकशेजारी तिचं ताट घासून पालथं घातलेलं होतं.