हनुवटीवरचा हात

न्यू ऑर्लिन्सच्या चौकात, चर्चसमोरच्या लोखंडी कुंपणावर, अल्सीद बेचाळीस वर्षं नामवंत लेखक-चित्रकारांची व्यक्तिचित्रं रंगवून, टांगून विकत आला. चेहरे तो जुन्या फोटोंवरून काढी. फोटोंत हात क्वचितच दिसत, म्हणून हातांसाठी त्याची बायको ओदील समोर बसे. "आज मी कोण?" एवढंच विचारी. दाढीवाल्या कवीलाही तिचेच हात.

फेब्रुवारीत ती गेली. शेवटचं चित्र तिच्या आजारपणातलं होतं. म्हाताऱ्या कवीचा डावा हात हनुवटीला, उजवा मांडीवर. ओदीलची बोटं सुजल्यामुळे अंगठी काढलेली, त्या अंगठीचा पांढुरका वळ अल्सीदने जसाच्या तसा रंगवला होता. हे चित्र विकायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, शेजारच्या विक्रेत्यांनाही सांगितलं होतं.

जूनमधल्या एका सकाळी सवयीने त्याने तेही इतरांसोबत टांगलं. शेजारी चित्रं विकणाऱ्या लिओन्तीनच्या ते लक्षात येईपर्यंत एक बाई त्यापुढे थांबली होती.

टांगलं ते विकायचं, हा कुंपणाचा नियम. नव्याने येणाऱ्यांना तो अल्सीदच बजावत असे.

लिओन्तीन मधे पडली. "त्याचा रंग ओला आहे हो. कपड्यांना लागेल."

"वाळलाय," अल्सीद म्हणाला. "चार महिने झाले."

बाईला चेहरा आवडला होता. फक्त घरची चौकट लहान होती, तेव्हा खालचा भाग मागे दुमडीन म्हणाली.

"दुमडलंत तर रंगाला तडे जातील. मीच कापून देतो. खालचा तुकडा मात्र मला राहू द्या."

"ठेवा की. मला काय करायचाय?"

त्याने पट्टी लावली, मग वर-खाली सरकवून पाहिली. मांडीवरचा हात सुटा होता. हनुवटीवरचा चेहऱ्यापासून सोडवता येत नव्हता. शेवटी त्याने कापलं.

बाई गेल्यावर लिओन्तीनने आपल्या थर्मासातली कॉफी त्याच्यापुढे ठेवली. "वेडा आहेस तू. घरीच ठेवायचं होतंस."

"घरी एकटं ठेववेना," अल्सीद म्हणाला. "तिला इथे यायला आवडायचं."

उजवा हात त्याने कागदात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवला. अंगठीचा वळ होता तो डावा, चेहऱ्यासोबत गेलेला.